दया नको, बरोबरी हवी

धर्म सांगणारे पुष्कळ, सांगून दक्षिणा घेणारे त्याहून पुष्कळ. गरिबाच्या खोलींत जाऊन बिऱ्हाड करणारा एखादाच. जपानांतील ख्रिस्ती पाद्री तोयोहिको कागावा हे तसे होते. त्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें मुद्दाम ठेवतों. तींत घेण्यासारखें पुष्कळ आहे. एक गोष्ट मात्र आम्हांस सलते.

कागावा १८८८ सालीं कोबे शहरीं जन्मले. वडील मोठ्या घरचे, पण आई त्यांची लग्नाची बायको नव्हे. दोघेंहि लवकर वारलीं. तरुणपणीं क्षयानें गांठलें. अशा देहानिशीं १९०९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं हे गृहस्थ कोबेच्या शिंकावा वस्तींत राहावयास गेले. खोली एवढीशी, तींतच आजारी, बेघर माणसें आणून निजवलीं. त्यांच्या संगतींत खुपऱ्या जडल्या आणि दृष्टि कायमची अधू झाली. आमच्याकडचे भटजी असल्या वस्तीची सावलीहि टाळीत आले!

पण फुटक्या घागरींत पाणी ओतून काय हंशील? कागावांस हें कळलें. १९२१ सालीं कोबेच्या गोदींतील कामगारांनीं मोठा संप केला. त्याच्या पुढाऱ्यांत ते होते, त्यांस अटकहि झाली. संप फसला. त्याच सालीं त्यांनीं शहरांत सहकारी दुकान उभें करविलें. १९२२ सालीं सुगियामा मोतोजिरो यांच्यासह कुळांचा शेतकरी संघ काढला. तेथील कुळाच्या पिकाचा सुमारें निम्मा वांटा जमीनदाराच्या कोठारांत जाई. खंड भरणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको.

आतां सलणारी गोष्ट. शिंकावांत पुष्कळ लोक जपानांतील अस्पृश्य मानलेल्या समाजाचे होते. कातडीं कमावणें, मेलेलीं जनावरें ओढणें हीं कामें पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथीं. १८७१ सालीं सरकारी फर्मानानें ते कागदावर समान झाले. अशा लोकांविषयीं कागावांनीं १९१५ च्या आपल्या पुस्तकांत काय लिहावें? कीं हे मुळांतच हीन, गुन्ह्याकडे वळणारे! ज्यांच्या अंथरुणाशीं बसले त्यांच्या रक्तालाच दोष दिला. याच १८७१ सालीं हिंदुस्थानांत इंग्रजांनीं गुन्हेगार जातींचा कायदा केला. पुढें तो मुंबई इलाख्यांतहि आला, आणि १९५२ पर्यंत कित्येक जातींचीं पोरें पाळण्यांतच चोर ठरलीं. ह्या लिखाणाची जात तीच.

३ मार्च १९२२ रोजीं क्योतो येथें त्या लोकांनीं स्वतःचीच सभा भरविली. नांव सुइहैशा, म्हणजे पाण्यासारखी सपाट, सारखी पातळी करणारी. दुसऱ्यांच्या कींवेनें आमचें नुकसानच झालें, आमची सुटका आम्हीच करूं, असें त्यांनीं जाहीर केलें. त्यांतील कांहीं पुढारी कागावांच्या ओळखीचे होते, तरी हें बोलावयास कचरले नाहींत. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो याच बाण्यानें. म्हणून आमचें मत असें कीं कागावांचा त्याग खरा, त्यास आम्ही हात जोडतों. पण सेवा केली एवढ्यानें ‘तुमची अवलाद कसली’ हें ठरविण्याचा हक्क कोणासहि मिळत नाहीं. आमच्या वस्तींत येईल त्यास घोंगडी टाकूं, भाकरी देऊं, आणि आमच्याविषयीं काय लिहिलें तेंहि वाचून दाखवावयास सांगूं. त्यासाठीं पोरांस, विशेषतः पोरींस, शाळेंत धाडा.

कागावा १९६० सालीं वारले. त्यांच्या सहकारी दुकानाची परंपरा कोबेंत आजहि चालू असून लाखों घरें तिचीं सभासद आहेत. असें दुकान गांवोगांव कसें काढतां येईल, तें पुढील अंकीं देऊं.