आमदारांची बँक

खांदा कॉलनीत संध्याकाळी फिरावयास निघणाऱ्या आम्हां निवृत्तांच्या मंडळीत मुदतठेवींवरील व्याजाइतका जिव्हाळ्याचा विषय दुसरा नाही. ज्याला निवृत्तिवेतन नाही त्याचे व्याज हेच वेतन असते, तेव्हा यात नवल काही नाही. नवल आहे ते एका प्रश्नाचे. नव्या बँकेचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो, ‘बँक कोणाची?’ सहकारी बँक तिच्या सभासदांची असते, हे उत्तर मी चाळीस मुलांच्या वर्गात अनेक वर्षे दिले. पण बाकावर बसलेल्या चौघांत ते देण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही. कारण प्रश्न विचारणाऱ्याला एका माणसाचे नाव हवे असते.

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेच्या बाबतीत हे नाव सर्वांना ठाऊक होते. श्री. विवेक पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे चार वेळा निवडून आलेले आमदार. १९९५, १९९९ आणि २००४ साली ते पनवेलमधून आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ साली उरणमधून विधानसभेत गेले. २०१४ साली अवघ्या ८११ मतांनी त्यांचा पराभव झाला. आमदारकीच्या जोडीला बँकेचे अध्यक्षपद होते, धर्मादाय न्यास होता, क्रीडा अकादमी होती. एकाच नावाची कमान या सर्व दारांवर होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

पुढचा इतिहास अलीकडचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीनंतर २०२० साली गुन्हा दाखल झाला, १५ जून २०२१ रोजी अंमलबजावणी संचालनालयाने श्री. पाटील यांना अटक केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. साठाहून अधिक बनावट कर्जखाती दाखवून ५०० कोटींहून अधिक रक्कम अध्यक्षांशी संबंधित संस्थांकडे वळविण्यात आली, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. आरोपाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा, तो आपण येथे करू नये. परंतु या आरोपाची रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट पाहावी अशी आहे. संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास नागरी सहकारी बँकांना २००३ पासूनच मनाई आहे. म्हणजे नियम नव्हता असे नाही. कर्जाचा अर्ज ज्याच्या सोयीचा, त्याच्याच अध्यक्षतेखाली जमलेल्या मंडळात ‘नाही’ म्हणणारे कोणी उरले नाही, तर नियमाने करावे काय? कारकून नोकरीसाठी ऋणी, संचालक जागेसाठी ऋणी, सभासद ओळखीसाठी ऋणी. कर्जदाराऐवजी सारी बँकच ऋणी असली म्हणजे वसुली कोण कोणाकडून करणार!

याच रायगड जिल्ह्यात २०१० साली पेण अर्बन बँक कोसळली होती. पनवेल-उरणच्या भूमीला तर पैशाचे मोल वेगळे सांगावयास नको. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली. तिच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत लोक रस्त्यावर उतरले आणि पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. शेतीचे ज्याच्यापाशी काही उरले नाही, त्याची जमीन अखेर ठेवीच्या पावतीत येऊन बसते. पावती बुडाली की शेत दुसऱ्यांदा जाते. ही गोष्ट ज्या पक्षाने सर्वांत आधी ओळखावयाची, त्याच पक्षाच्या नेत्याच्या अध्यक्षतेखालील बँकेत हे घडावे, याचे दुःख आपल्यासारख्या डाव्या म्हणविणाऱ्यांना अधिक व्हावयास हवे. साखर कारखाने बुडविणाऱ्यांवर आपण रकानेच्या रकाने लिहिले. येथे मात्र ‘सत्ताधाऱ्यांनी सूड उगविला’ एवढ्यावर काहींनी समाधान मानले. सूड असेलही. तपासयंत्रणा कोणाच्या दारी जातात आणि कोणाच्या दारावरून पुढे जातात, हे आपण पाहतोच. पण ठेवीदाराला त्याचे पैसे कोठे आहेत ते हवे आहे, आणि सूड या शब्दात त्याचे उत्तर नाही.

कोणी म्हणेल, त्यांनी अकादमी तरी उभारली, मुलांना मैदान दिले. खरे आहे, आणि माझ्या मते अडचण नेमकी येथेच आहे. मैदान हा नगराचा हक्क. पण तो नेत्याचे दान म्हणून मिळाला. दान घेणारा दात्याचा हिशेब तपासत नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या संस्थेच्या माथ्यावर मते मागणारा नव्हे, हिशेब मागणारा माणूस बसला होता. ती परंपरा पुढे का मोडली, हा महाराष्ट्राच्या सहकाराचा खरा प्रश्न.

उपाय काय झाले? परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले की सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल. फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित आहे, ही मोठीच सोय. पण ही टक्केवारी माथ्यांची आहे, रकमेची नाही. आयुष्याची कमाई एकाच ठिकाणी ठेवणारा निवृत्त मनुष्य उरलेल्या पाचांत असू शकतो. २५ जून २०२१ रोजी आणखी एक आदेश निघाला : खासदार, आमदार, नगरसेवक यांनी नागरी सहकारी बँकेचे व्यवस्थापकीय संचालक होऊ नये. उत्तम! परंतु आमच्याकडील नेते पगारी व्यवस्थापक कधी होते? ते अध्यक्ष असतात. ती खुर्ची या आदेशाने मोकळी ठेवली आहे. लोकप्रतिनिधीने निवडून येताच कोणत्याही बँकेच्या संचालक मंडळाचा राजीनामा द्यावा, ही अट कायद्याची वाट न पाहता डाव्या पक्षांनी आपल्या उमेदवारांना उद्याच घालावी. इतर पक्ष घालणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

जप्त केलेल्या मालमत्ता ठेवीदारांच्या परतफेडीसाठी बँकेच्या अवसायकाकडे देण्यास २०२५ साली विशेष न्यायालयाने मान्यता दिली. त्यांत क्रीडा अकादमीही आहे. ठेवीदारांच्या दृष्टीने तिला सर्वांत चढी किंमत यावयास हवी, आणि अशी किंमत इमारत बांधणाराच देतो. मुलांच्या दृष्टीने ते मैदानच राहावयास हवे. पनवेल महानगरपालिकेने योग्य मूल्य मोजून ते विकत घ्यावे, असा माझा आग्रह आहे. घेतलेच, तर त्याच्या दारावर कोणाचेही नाव लावू नये.