न उकळता वायू वेगळे करणारा पडदा; अडतंय कुठे?

प्लास्टिकची खुर्ची, सिमेंटची गोणी, डबे… या सगळ्यांत पॉलिप्रॉपिलिन असते. ते बनते प्रॉपिलिन वायूपासून. पण रिफायनरीत हा वायू प्रोपेनमध्ये मिसळलेला असतो.

वेगळे करणे अवघड का?
प्रॉपिलिन उणे ४७.६ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२.१ला. फरक जेमतेम साडेपाच अंशांचा! त्यामुळे शंभराहून अधिक ट्रे असलेल्या उंच टॉवरमध्ये हे मिश्रण पुन्हा पुन्हा उकळावे आणि थंड करावे लागते. इथिलिन आणि प्रॉपिलिनच्या शुद्धीकरणातच जगातील सुमारे ०.३ टक्के ऊर्जा खर्च होते, असे ‘नेचर’मधील २०१६च्या लेखात म्हटले आहे.

पडदा काय करतो?
पॉलिमरच्या पातळ पडद्यातून किंचित लहान असलेले प्रॉपिलिनचे रेणू लवकर पार होतात. प्रोपेन मागे राहतो. उकळण्याची गरजच नाही.

मग अडते कुठे?
दाबाखाली हेच वायू पॉलिमरमध्ये मुरतात. पडदा फुगतो, सैल पडतो आणि प्रोपेनही निसटू लागतो. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर हुरळून जाण्यात अर्थ नाही. खऱ्या मिश्रणात महिनोन्‌महिने टिकेल, तोच पडदा कामाचा. टॉवर लगेच मोडीत काढायलाही नको. पडद्याने त्याचा थोडा भार उचलला, तरी इंधन वाचेल.