कानातला बिल्ला आणि गुराख्याचे ज्ञान

२०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची साथ पसरली आणि रब्बीच्या तोंडावर गुरांचे बाजार बंद झाले. परभणी जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची लाल कंधारी बैलजोडी ही त्याचे उत्पादनसाधन असते, तशीच अडीअडचणीची ठेवही. बाजार बंद होताच ती ठेव गोठली. शासनाने मृत गायीमागे ३०,००० व बैलामागे २५,००० रुपये मदत जाहीर केली. परंतु बैलावाचून खोळंबलेल्या पेरणीचा हिशेब तीत नव्हता.

माशा, डास व गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या रोगावर रामबाण औषध नाही. शेळ्यांच्या देवीची लस टोचून साथीला आवर घालण्यात आला. त्याच वेळी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विड्याची पाने, मिरे, मीठ व गूळ यांचे मिश्रण आणि जखमांसाठी कडुनिंब, हळद, तुळस यांचा तेलातील लेप सुचविला. अशा उपचारांना लसीची जागा घेता येणार नाही. परंतु डॉक्टर येईपर्यंत गोठ्यातील शुश्रूषेला ते आधार देऊ शकतात. परंपरेचे अंध स्तोम आणि तिची सरसकट हेटाळणी, दोन्ही सारखीच त्याज्य होत.

आज जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे आणि त्याची नोंद 'भारत पशुधन' या संगणकीय प्रणालीत होते. प्रश्न असा, की ही माहिती कोणाच्या कामी येणार? जनावराने चारा टाकला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, हे प्रथम गुराख्याला कळते. त्याचे निरीक्षण वर पोहोचणार नसेल आणि शेजारच्या गावातील साथीचा इशारा मराठीतून त्याच्या भ्रमणध्वनीवर येणार नसेल, तर ती प्रणाली म्हणजे केवळ गुरांची खानेसुमारी ठरेल.

ज्ञानाच्या मालकीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट भारताने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. ही नोंदवही कंत्राटदाराने कचेरीत बसून भरावयाची नसून ग्रामसभेत, गुराखी व धनगरांच्या तोंडून भरली गेली पाहिजे. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून उभे आहे. त्या उपचारांची कसोटी तेथे लागावी आणि निष्कर्ष गावाला कळावेत.

यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला पाहिजे. मात्र यंत्राच्या नावाखाली दवाखान्यातील डॉक्टरची जागा रिकामी ठेवण्याची सबब शासनाला मिळता कामा नये.