टेकडीचं नाव कुणाला विचारायचं?

परवा कचेरीत चहाच्या वेळी मी एका पुस्तकाविषयी सांगत होतो. ॲडम वॉटसन आणि एलिझाबेथ ॲलन यांनी स्कॉटलंडमधल्या डी नदीच्या वरच्या खोऱ्यातली स्थलनामं गोळा केली, 1984 साली छापली. क्रेथी-ब्रेमारची फिरगज त्यातच येते, राजघराण्याचा बाल्मोरलचा वाडा आहे ती. माझा मित्र हसला. म्हणाला, "डोंगरांची नावं कसली गोळा करायची? नकाशा छापलेला आहे की!"

मंडळी, माझा सगळा राग त्या "छापलेला आहे की"वर आहे.

1860 च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हेची माणसं त्या भागात मोजणी करत होती. त्यांच्याकडे नावांच्या वह्या असत. एका रकान्यात नाव, एकात वेगवेगळी स्पेलिंगं, आणि एकात हे नाव कुणी सांगितलं त्याचा आधार. मी वीस वर्षं रकानेच भरतोय, त्यामुळे खरा मालक कोण ते मला लगेच कळलं. आधाराचा रकाना! त्यात जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर. मेंढपाळ किंवा शिकारखान्याचा राखणदार कुठे कुठे सापडतो, नाही असं नाही. पण 1905 च्या सूचनांत तर स्पष्टच आहे की लहान शेतकरी आणि झोपडीत राहणारे यांच्यावर भरवसा ठेवू नये, ते राहतात त्या जागेच्या नावाबाबतसुद्धा! आपल्या भाषेत सांगायचं तर भाटकाराला विचारा, मुंडकाराला नको.

परिणाम काय झाला? त्या सबंध पर्वतरांगेला तिथली गेलिक बोलणारी माणसं 'अम मोनाघ रुआघ' म्हणत, म्हणजे तांबडे डोंगर. नकाशावर ती झाली केर्नगॉर्म्स, त्यातल्या एका डोंगराच्या नावावरून. आणि त्या एका डोंगराच्या नावाचा अर्थ निळा! तांबड्याचं निळं झालं आणि कुणाला काही वाटलं नाही.

दुसरा एक सुळका, 1004 मीटरचा, बॉड अन ज्याविन. अर्थ सैतानाचं लिंग. व्हिक्टोरिया राणीने अर्थ विचारला तेव्हा तिच्या सेवकाने लाजून 'सैतानाचं टोक' असं सांगितलं म्हणे. गोष्ट खरी असो नसो, नकाशावर आज डेव्हिल्स पॉइंटच आहे. त्याहून मजा पुढेच. जवळच्या 'हिरव्या तळ्याच्या सुळक्या'ला 19व्या शतकात एका गिर्यारोहकाने 'एंजल्स पीक' नाव दिलं. का, तर सैतानाच्या शेजारी देवदूत हवा! तळं अजून तिथेच आहे, हिरवं.

मित्राचं म्हणणं, भाषा मरणारच होती, नावं राहून काय उपयोग? अहो, भाषा मेली तरी तिथे मेंढरं चारणारा, हरणांमागे फिरणारा माणूस होता ना! वॉटसन आणि ॲलन त्याच्याकडेच गेले. नाव कसं लिहितात एवढंच नाही, तो कसं उच्चारतो तेही लिहून ठेवलं. डीसाइडची गेलिक जन्मापासून बोलणारी शेवटची मानली जाते ती जीन बेन, 1984 सालीच वारली. आणखी दहा वर्षं थांबले असते तर विचारणार कुणाला होते?

मला एवढा ताव का येतो तेही सांगतो. पूर्वी एक म्हातारी मुंडकारीण घराच्या कामासाठी माझ्या टेबलापाशी आली होती. घर कुठे विचारलं तर तिने मागच्या सड्याचं नाव सांगितलं, अमक्याच्या पायथ्याशी. मी म्हटलं, "आजी, नाव नको, सर्व्हे नंबर सांगा." तिला नंबर येईना. शेवटी तो मीच शोधला, रकान्यात भरला. काम झालं, ती आशीर्वाद देऊन गेली. ते नाव मात्र मी कुठेच लिहिलं नाही, आणि आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.