चोरीचे वतन आणि धुक्याखालचे गाव

‘आधुनिक चोरांची एक टोळी काळाच्या ओघात मागे फेकली जाते आणि सरंजामी युगात जाऊन पडते’ या एका वाक्यात ज्याचे कथानक सामावते, अशा चित्रपटाची चिकित्सा करण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. करमणुकीला करमणूक म्हणून सोडून द्यावे, ही भूमिका उदार वाटते. वस्तुतः ती आळशी आहे. या वाक्यात ‘आधुनिक’, ‘चोर’ आणि ‘सरंजामी’ अशा तीन संज्ञा आहेत आणि तिन्ही तपासल्यावाचून स्वीकारल्या जातात. गेल्या काही दशकांत लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्या आधाराने अशा कलाकृतींतील कालविपर्यासाला ‘इतिहासाच्या सत्तेविरुद्धचे बंड’ ठरवण्याची प्रथा रूढ झाली आहे. या प्रथेचा फोलपणा दाखवण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे.

‘लुपिन तिसरा’ ही जपानी चित्रकथा मंकी पंच या टोपणनावाने लिहिणाऱ्या काझुहिको काटो (१९३७–२०१९) यांनी १९६७ मध्ये सुरू केली. तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका १९७१ मध्ये आली. हायाओ मियाझाकी यांचा ‘कॅग्लिओस्त्रोचा किल्ला’ हा १९७९ चा चित्रपटही याच पात्रांवर उभा आहे. २००७ मध्ये चित्रकथेला चाळीस वर्षे होत असताना ‘किरी नो एल्यूसिव्ह’ हा दूरचित्रवाणीसाठी केलेला दीर्घ अ‍ॅनिमेशनपट प्रक्षेपित झाला. होक्काइदो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील किरिताप्पु हे त्याचे स्थळ. हा परिसर हामानाका गावात मोडतो आणि तेच मंकी पंच यांचे जन्मगाव. कालप्रवासी मामो क्योसुके लुपिनच्या टोळीला पाचशे वर्षे मागे पाठवतो. चित्रपटाची ओळख करून देताना या पाचशे वर्षांना ‘सरंजामी जपान’ हे लेबल लावले जाते, आणि नेमका तेथेच वादाचा मुद्दा आहे.

अशा चित्रपटांच्या समर्थनार्थ केला जाणारा युक्तिवाद परिचित आहे. बाख्तिनच्या कार्निव्हलच्या संकल्पनेचा हवाला देऊन सांगितले जाते की, येथे उच्च-नीच, प्राचीन-अर्वाचीन, राजा-चोर ही सारी उतरंड उलटीपालटी होते. पिस्तूल आणि भाला एकाच चौकटीत आले की इतिहासाचे गांभीर्य हास्यास्पद ठरते. आणि इतिहास ही सत्ताधाऱ्यांची कथा असल्याने तिचे हास्यास्पद होणे हीच मुक्ती. हा युक्तिवाद ऐकायला आकर्षक आहे. मात्र बाख्तिनचा कार्निव्हल चौकात घडतो आणि त्यात प्रेक्षक नसतात, सारेच सहभागी असतात, ही त्याची पहिली अट समर्थक सोयीस्करपणे विसरतात. घरात बसून पाहिलेल्या उलथापालथीने कोणतीही उतरंड हलत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की, या खेळात नेमके काय उलटे होते आणि काय जसेच्या तसे राहते?

प्रथम ‘आधुनिक’ या विशेषणाकडे पाहू. मॉरिस लब्लाँचा आर्सेन लुपिन १९०५ मध्ये फ्रेंच वाचकांसमोर आला, तेव्हा त्याचे वैशिष्ट्य त्याच्या निराकार असण्यात होते. आज एक नाव, उद्या दुसरे; आज सरदार, उद्या कारागीर. महानगरात कुळ विचारले जात नाही, वेश आणि वागणूक पाहिली जाते, या आधुनिक वस्तुस्थितीचा लाभ घेणारा तो नायक आहे. जपानी चित्रकथेने त्याला नातू दिला आणि या एका कृतीने त्याचे स्वरूप पालटले. नाव टाकून देणाऱ्या माणसाचे नावच वारसाहक्क बनले. या टोळीतील तलवारबाज गोएमोन हा इशिकावा गोएमोन या दरोडेखोराचा तेरावा वंशज. त्यांच्या मागावर असणारा इन्स्पेक्टर झेनिगाता हा झेनिगाता हेइजीचा वंशज, आणि हा हेइजी कोदो नोमुरा यांनी १९३१ मध्ये निर्माण केलेला काल्पनिक शोधक. चोराच्या पोटी चोर, शिपायाच्या कुळात शिपाई! मराठी वाचकाला या व्यवस्थेचे नाव शोधावे लागत नाही. पिढीजात हक्काने चालत आलेल्या कामाला आपल्याकडे वतन म्हणतात. लुपिनच्या टोळीजवळ आधुनिक गाड्या, आधुनिक शस्त्रे आणि आधुनिक विनोद आहे; तिची सामाजिक कल्पना मात्र वतनदारीची आहे.

१९७२ मध्ये पहिल्या मालिकेत मामो प्रथम अवतरतो, तेव्हा तो लुपिनला मारण्यासाठी त्याच्या पूर्वजांचा वंश तोडू पाहतो. व्यक्ती म्हणजे तिची वंशावळ. मूळ छाटले की माणूस पुसला जातो, हे या विनोदाचे गृहीतक आहे. अशा पात्रांना सरंजामी युगात पाठवले तर त्यांचा प्रवास घडतच नाही. ती स्वतःच्याच घरी परततात. दोन युगांची टक्कर म्हणून जे साजरे केले जाते, ते प्रत्यक्षात एकाच युगाचे आपल्या प्रतिबिंबाला भेटणे आहे. मग त्यातून ‘बंड’ कोठून उद्भवणार?

दुसरी संज्ञा ‘चोर’. करामती चोरीची कथा हा रूपबंध खाजगी मालमत्ता, तिजोरी, कायदा आणि पोलीस यांच्यावाचून उभा राहत नाही. मालकी निर्विवाद असेल तेव्हाच तिचा भंग रोमहर्षक होतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या यादवीयुगातील जपानमध्ये मालकीचाच निवाडा तलवारीने होत होता. गाव जिंकले की धान्य जिंकणाऱ्याचे. त्याला चोरी म्हणत नसत, राज्य म्हणत. चोराला या काळात नेण्यात एक विलक्षण शक्यता दडलेली आहे ती हीच. सत्ता आणि दरोडा यांतील भेद केवळ आकाराचा आहे, हे येथे उघडे पडू शकते.

इशिकावा गोएमोनचीच कथा घ्यावी. १५९४ मध्ये क्योतो येथे त्याला कढईत उकळून ठार मारण्यात आले. ज्याच्या सत्तेत ही शिक्षा झाली तो तोयोतोमी हिदेयोशी हलक्या कुळात जन्मून देशाचा स्वामी झालेला. त्याच हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला आणि १५९१ च्या आज्ञेने सैनिक, शेतकरी व व्यापारी यांनी आपला दर्जा सोडू नये असे ठरवले. ज्या शिडीने तो स्वतः वर चढला, ती त्याने वर ओढून घेतली. त्याच दशकात गोएमोनला कढईत टाकण्यात आले, हा योगायोग नाट्यदृष्ट्या भयंकर आहे. काबुकी रंगभूमीने अठराव्या शतकात गोएमोनला भव्य नायक केले, त्यामागे या सत्याची लोकस्मृती असावी असे मानण्यास जागा आहे. चित्रकथेने त्याच्या वंशजाला काय दिले? निष्ठा, संयम आणि कसलेही पोलाद कापणारी तलवार. ज्या दशकात सामान्यांच्या हातून तलवार गेली, त्या दशकातील दरोडेखोराचा वारस सामुराईचा आदर्श बनून उभा राहतो. हॉब्सबॉमने ज्याला सामाजिक दरोडेखोर म्हटले, त्याला शेतकऱ्यांचा पाठिंबा हे अधिष्ठान असते. येथे शेतकरी गळून पडला आहे. उरली आहे ती केवळ ऐट.

या रूपबंधाकडून अधिक काही साधता येते, हे मार्क ट्वेनने १८८९ मध्येच दाखवले होते. त्याचा कनेक्टिकटचा कारागीर राजा आर्थरच्या दरबारात पोचतो, शाळा काढतो, तारायंत्र उभारतो आणि अखेरीस विजेच्या तारा व यंत्रतोफा यांच्या साहाय्याने हजारो सरदारांची कत्तल करतो. आरंभी सरंजामशाहीवर हसणारा वाचक शेवटी आधुनिकतेकडे पाहून शहारतो. काळ ओलांडण्याची किंमत दोन्ही युगांना द्यावी लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची संज्ञा ‘सरंजामी’. २००७ मधून पाचशे वर्षे वजा केली तर सोळाव्या शतकाचा आरंभ येतो. त्या वेळी किरिताप्पुच्या किनाऱ्यावर कोण राहत होते? ती आयनू लोकांची भूमी होती. जपानी वस्ती या बेटाच्या नैर्ऋत्य टोकापुरती होती आणि १४५७ मधील कोशामाइनच्या उठावाने तीही हादरली होती. पूर्व किनाऱ्यावर ना दाइम्यो होता, ना जहागीर, ना भातशेतीवर मोजला जाणारा महसूल. इतिहासकार ज्याला जपानी सरंजामशाही म्हणतात, ती तेथे नव्हतीच. या काळाला ‘सरंजामी जपान’ म्हणणारे वाक्य काळाचे नाव घेऊन भूमी बळकावते.

नावाचीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. चित्रपटाच्या शीर्षकातील ‘किरी’ म्हणजे धुके. किरिताप्पु हे गावाचे नाव लिहितानाही पहिले चिन्ह धुक्याचेच येते, आणि तेथील धुके प्रसिद्ध आहे. परंतु हे नाव मुळात आयनू भाषेतील असून गवत कापण्याची जागा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. जपानी लिपीची चिन्हे त्याच्या उच्चारावर नंतर चढवली गेली. म्हणजे ज्या धुक्याभोवती शीर्षक गुंफले आहे, ते धुके विजेत्याच्या लिपीतून उतरले आहे. त्याखाली कोणाचे तरी गवताळ रान होते. अर्थाची याहून सफाईदार चोरी लुपिनलाही साधली नसती.

आणि खऱ्या चोऱ्या? १६०४ मध्ये तोकुगावा इएयासूने मात्सुमाए घराण्याला आयनूंशी व्यापार करण्याचा मक्ता दिला. पुढे किनाऱ्याचे व्यापारी पट्टे पडले. किरिताप्पु हा त्यांपैकी एक. १७७४ पासून मात्सुमाए घराण्याने आपल्या कर्जाच्या फेडीपोटी हे पट्टे हिदाया नावाच्या व्यापारी पेढीच्या हाती दिले. मासेमारीवर राबवून घेणे, तुटपुंजा मोबदला, धमक्या आणि अत्याचार यांचा परिणाम म्हणून १७८९ मध्ये कुनाशिर व मेनाशी येथे आयनूंनी उठाव केला. ७१ जपानी मारले गेले. नंतर ३७ आयनूंना देहदंड देण्यात आला. १८६९ मध्ये बेटाचे नावच बदलून होक्काइदो ठेवले गेले. जपानच्या संसदेने आयनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता देणारा ठराव जून २००८ मध्ये केला, म्हणजे हा चित्रपट प्रक्षेपित झाल्यानंतर एका वर्षाच्या आत. ज्या किनाऱ्यावर चोरीला कर्जफेडीचे आणि मक्त्याचे कायदेशीर रूप मिळाले, त्याच किनाऱ्यावरील काळाला ‘सरंजामी’ म्हणून मोकळे होणारी समीक्षा इतिहासाच्या सत्तेविरुद्ध बंड करीत नाही. ती त्या सत्तेची कारकुनी करते.

यावर आक्षेप येईल की, विनोदी चित्रपटाकडून इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाची अपेक्षा करणे अरसिकपणाचे आहे. हा आक्षेप मुद्दा चुकवणारा आहे. येथे अचूकतेची मागणी नाही, परिणामाची आहे. केइइची हारा यांचा ‘शिन-चान’ मालिकेतील २००२ चा चित्रपट पाहावा. भारतीय घरांतही ओळखीचा झालेला हा व्रात्य मुलगा कुटुंबासह १५७४ मध्ये जाऊन पडतो. घरची मोटारगाडी रणांगणात घुसते, वाह्यात विनोद चालूच राहतात. परंतु ज्या योद्ध्यावर मुलाचा जीव जडला आहे, तो लढाई जिंकून परत येत असताना कोठून तरी आलेल्या गोळीने मरतो. त्या क्षणी पोरकट हास्य थांबते आणि भूतकाळ म्हणजे मेलेल्या माणसांचा काळ आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला आणि प्रेक्षकाला एकदमच कळते. विनोदाचा बळी न देता हे साधले आहे. तेव्हा दोष अ‍ॅनिमेशनचा नाही, हास्याचा नाही, कालविपर्यासाचाही नाही.

दोष संज्ञांच्या सैल वापराचा आहे, आणि त्यात मराठी समीक्षाही निर्दोष नाही. ‘फ्यूडल’ला ‘सरंजामी’ हा पर्याय आपण सर्रास वापरतो. मराठेशाहीतील सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तत्त्वतः तो सरकारजमा होऊ शकत असे आणि म्हणूनच तो वतनाहून वेगळा होता. व्यवहारात अठराव्या शतकात तो पिढीजात होत गेला, ही गोष्ट निराळी. भारतात सरंजामशाही होती काय, यावर कोसंबी आणि रामशरण शर्मा यांच्यापासून १९८१ मध्ये हरबन्स मुखियांनी उपस्थित केलेल्या प्रश्नापर्यंत इतिहासकारांनी रक्त आटवले. जपानीतील ‘होकेन’ ही संज्ञाही प्राचीन चीनच्या राज्यव्यवस्थेच्या चर्चेतून उचलून युरोपीय कल्पनेवर बसवलेली आहे. युरोपातून निघालेला एक शब्द क्योतो, पुणे आणि किरिताप्पु यांवर सारखाच अंथरला की त्याखाली दाइम्यो, सरंजामदार आणि ज्याला दोहोंशी कर्तव्य नव्हते तो आयनू मच्छीमार, सगळे एकाच रंगाचे दिसू लागतात. उंबेर्तो एकोने मध्ययुगाच्या आधुनिक उपयोगांची यादी करताना ‘निमित्तमात्र मध्ययुग’ असा एक प्रकार सांगितला होता. तेथे इतिहास हा फक्त पार्श्वपट असतो. आपल्या समीक्षेचा धोका त्यापुढचा आहे. ती पार्श्वपटालाच सिद्धांत समजू लागली आहे.

लोकप्रिय कलाकृतींचा अभ्यास थांबवावा, असा याचा निष्कर्ष नाही. तो अधिक कठोरपणे व्हावा, असा आहे. पुढच्या वेळी एखाद्या प्रबंधात ‘सरंजामी काळाचे उत्तर-आधुनिक विडंबन’ असे शीर्षक आले, तर मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला तीन साधे प्रश्न विचारावेत : कोणते वर्ष? कोणती जमीन? आणि तेव्हा त्या जमिनीवर कोणाची वस्ती होती? या प्रश्नांची उत्तरे आल्यावरही विडंबन विडंबनच वाटत राहिले, तर ते खुशाल साजरे करावे. तोपर्यंत चोर कोण, याचा निकाल लावण्याची घाई समीक्षेने करू नये.