बंद काचांआडची हवा

मोटारीची निगा म्हटली की इंजिनातील तेल, ब्रेक, बॅटरी आणि टायरमधील हवा या चार गोष्टी सर्वांना आठवतात. पण मोटारीत आणखी एक हवा असते. तिची चौकशी फारसे कोणी करीत नाही. ती म्हणजे आत बसलेली माणसे जिच्यात श्वास घेतात ती हवा! काचा वर करून एसी लावला, की हवा थंड झाली म्हणजे ती स्वच्छही झाली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो दूर करण्याचे काम तुम्ही विद्यार्थ्यांनीच अंगावर घ्यावे, असे मला वाटते.

प्रथम हवेचा मार्ग पाहू. मोटार धावू लागली की समोरून येणारी हवा पुढच्या काचेच्या तळाशी अडते व तेथे दाब वाढतो. म्हणूनच हवा आत घेणारी जाळी त्या जागी असते. हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा मागच्या बाजूस, कमी दाबाच्या जागी असतात. आत आलेली हवा गाळणीतून जाते, पंखा तिला ढकलतो आणि एसीच्या थंड नळ्यांवरून ती आपल्यापर्यंत पोचते. ही गाळणी, म्हणजेच केबिन फिल्टर, पुष्कळ मोटारींत डाव्या आसनासमोरच्या खणामागे असते.

ही गाळणी चहाच्या गाळणीसारखी नसते. चहाच्या गाळणीत भोकापेक्षा मोठी भुकटी अडते, एवढेच. येथे मात्र तंतूंमधील जागा पुष्कळशा धूलिकणांपेक्षा मोठी असते. मग कण अडतात कसे? मोठे कण जडत्वामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत व तंतूवर आदळतात. अतिसूक्ष्म कण ब्राउनीय गतीमुळे वेडेवाकडे भरकटत तंतूला चिकटतात. अडचण होते ती मधल्यांची. सुमारे ०.३ मायक्रोमीटरचे कण सर्वांत सहज निसटतात. (आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो.) त्यांना पकडण्यासाठी अनेक गाळण्यांच्या तंतूंवर कायमचा विद्युतभार ठेवलेला असतो.

गाळणीला घड्या का घालतात, तेही पाहा. समजा, ती २० सें.मी. लांब व तेवढीच रुंद आहे आणि तिला ३ सें.मी. खोल अशा २० घड्या आहेत. प्रत्येक घडीच्या दोन बाजू धरल्या, तर उलगडलेली लांबी १२० सें.मी. भरते. म्हणजे ४०० चौ.सें.मी. जागेत २४०० चौ.सें.मी. कापड मावले! आता या घड्यांत धूळ, पालापाचोळा व किडे वर्षभर साचू द्या. हवेचा प्रवाह मंदावतो, पावसाळ्यात ओल धरून कुबट वास येतो आणि काचेवरचे धुके लवकर जात नाही. घाटात, पावसात, समोरचे दिसत नसताना या विलंबाची किंमत काय असू शकते, हे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, “बाहेर एवढा धूर असताना बाहेरची हवा घ्यायचीच कशाला? हवा आतल्या आत फिरविण्याचे बटण आहे ना!” बटण आहे आणि ते उपयोगाचेही आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील भाताणच्या बोगद्यात ते जरूर दाबावे. पण बोगदा संपल्यावर ते बंद करावे. का, ते गणितानेच पाहू. मोटारीच्या आत सुमारे ३००० लिटर हवा असते. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. चार माणसांचे ७२ लिटर झाले, म्हणजे मिनिटाला १.२ लिटर. याचा अर्थ दर मिनिटाला दशलक्ष भागांत ४०० भागांची भर! बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० भाग आहे. म्हणजे मोटार पूर्ण हवाबंद असती, तर दहा मिनिटांत ते दहापटींवर गेले असते. फटींतून थोडी हवा येत-जात असल्याने प्रत्यक्ष वाढ कमी असते, पण ती होते खास. म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतील हवेसाठी १००० भागांची मर्यादा सुचविली होती. कोंदट हवेत डोके जड होते, पेंग येते. मागे बसलेल्याने पेंगले तर बिघडत नाही, पण चालकाने?

तेव्हा काचा बंद असल्या तरी दोन गोष्टी हव्यात : चांगली गाळणी आणि बाहेरची ताजी हवा. एकीचे काम दुसरी करू शकत नाही. गाळणी कार्बन डाय-ऑक्साइड अडवीत नाही. कोळशाचा थर असलेली गाळणी काही वास शोषते, परंतु विषारी कार्बन मोनॉक्साइड तीही अडवीत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून बंद मोटारीत झोपणे कधीही धोक्याचेच.

गाळणीची निगा फार अवघड नाही. मोटारीबरोबरच्या पुस्तिकेत तिची जागा व बदलण्याची मुदत दिलेली असते. ही मुदत साधारणपणे वर्षभर किंवा १५ ते २० हजार कि.मी. असते. धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच बदलावी. पुस्तिकेत तसे सांगितले नसेल, तर ती पाण्याने धुऊ नये. धुतल्याने तंतूंवरचा विद्युतभार नाहीसा होऊ शकतो व गाळणी दिसते स्वच्छ, पण काम करीत नाही. नवी बसविताना तिच्यावरील बाणाची दिशा पाहावी. काचेखालच्या जाळीतील पाने काढावीत.

माझे म्हणणे एवढेच, की गाळणीला ब्रेक व टायर यांच्या पंक्तीस बसवावे. ज्या व्हॅनमधून मुले रोज शाळेत येतात, तिच्या गाळणीची विचारपूस पालकसभेत व्हावी. शिक्षकांनी एखादी टाकून दिलेली गाळणी पिशवीत बंद करून वर्गात आणावी आणि भिंगातून दाखवावी. जडत्व, विसरण व विद्युतभार हे तीन धडे तिच्यात एकत्र सापडतील. आणि तुम्ही? येत्या रविवारी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, इंजिन बंद असताना, तो खण उघडून पाहा. गाळणी काळी निघाली, तर ती घरात सर्वांना दाखवा. पुढचे काम तीच करील.