‘त्यांना सवय असते’

या एप्रिलमध्ये शीव कोळीवाड्यातील काही कुटुंबांचे गाऱ्हाणे घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. मागणी अगदी साधी होती. डोक्यावरच्या पत्र्याखाली दुसरे छत घालून द्या आणि मागच्या भिंतीत खिडकी पाडायची परवानगी द्या. साहेबांच्या दालनात वातानुकूलन यंत्र असे काही सुरू होते की, घामाने चिंब भिजून आत गेलेला मी पाच मिनिटांत शिंकू लागलो. साहेबांच्या अंगात जाकीट होते. अर्ज चाळून ते म्हणाले, “वकीलसाहेब, आपले बापजादे कुठे ए.सी.त वाढले? आणि या लोकांना तर सवय असते.”

वाचकहो, माणूस काही वाईट नव्हता. त्याने चहाही मागवला. पण त्या दोन वाक्यांत या देशातील उकाड्याचे सगळे राजकारण आले, म्हणून आज हा विषय घेतला.

पहिले वाक्य घेऊ. बापजादे ए.सी.शिवाय जगले, हे खरेच आहे. पण कोणाचे बापजादे कशात जगले? जाड मातीच्या भिंती, वर माळवद, मध्ये चौक आणि परड्यात विहीर असलेल्या वाड्यात उन्हाळा काढणे वेगळे. गावकुसाबाहेर राहून, भर उन्हात तहान लागली तरी गावच्या पाणवठ्याला हात न लावता उन्हाळा काढणे वेगळे. ज्यांना तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला जावे लागले, त्यांच्या वंशजांना पूर्वजांच्या साध्या राहणीचे दाखले देऊ नयेत. आणखी एक गोष्ट. आपल्या आजोबांच्या खोपटावर निदान गवत किंवा पाचट तरी होते. दुपारी अंगार ओकणारा पत्रा ही शहराने दिलेली देणगी आहे. शीव म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. येथल्या कोळ्यांच्या कौलारू घरांना ओटा होता, खाडीचा वारा होता. आज खाडी कुठे गेली ते पाहायला गच्चीवर चढावे लागते, आणि पोटमाळ्यावर राहणाऱ्याला गच्ची नसते.

आता सवयीचे पाहू. शरीराला उष्णतेची सवय होते, हे शास्त्र मान्य करते आणि आपणही मान्य केले पाहिजे. दहा-चौदा दिवस उन्हात काम केले की घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. पण सवयीने घाम सुटतो, तो वाळवणे सवयीच्या हातात नाही. आणि घाम वाळला तरच शरीर थंड होते. मुंबईची हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा ३५ अंशांवर गेला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार तास टिकणार नाही, असे पूर्वी मानत. २०२२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच शरीराचा तोल सुटू लागल्याचे दिसले. मग म्हातारी माणसे, गरोदर बाया, मधुमेही आणि रक्तदाबाच्या गोळ्या खाणारे यांचे काय?

शिवाय सवयीला काही खुराक लागतो. पाणी, सावली, मध्ये मध्ये विश्रांती आणि रात्रीची झोप. कोळीवाड्यातल्या गल्ल्यांत एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरानंतर चक्कर मारा. पुरुष मंडळी वाकळ टाकून ओट्यावर, रस्त्याच्या कडेला, हातगाडीवर आडवी झालेली दिसतील. बायका दिसणार नाहीत. त्या आत, दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली, दार लावून, पोरांना वारा घालत बसलेल्या असतात. पहाटे चारला पुन्हा पाण्यासाठी उठायचे असते. उकाड्याची ‘सवय’ त्यांना झाली की नाही, हे त्यांना कोणी विचारले आहे काय?

ही सवयीची भाषा जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी खोल जाऊ लागल्या, तसे गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात मजूर उष्माघाताने मरू लागले. खाणमालकांनी काय केले? नव्या काळ्या मजुरांना तापवलेल्या, दमट खोल्यांत कोंडून दिवसचे दिवस ठोकळ्यांवर चढउतार करायला लावली. अंग तापून कोण कोसळतो आणि कोण टिकतो ते मोजले, आणि टिकला त्याला खाली धाडले. उष्णतेला माणूस कसा सरावतो, या विद्येचा मोठा भाग तेथे तयार झाला. ती विद्या खोटी नाही, तिने जीवही वाचवले. पण प्रश्न असा की, सरावायचे कोणी आणि सोने कोणाचे, हे आधीच ठरलेले होते.

आपल्याकडचे उदाहरण फार दूरचे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. मान्यवर छताखाली आणि लाखोंचा समुदाय भर उन्हात उघड्यावर. १४ माणसे गेली. ती श्रद्धेने आलेली साधी, कष्टकरी माणसे होती. सवय असलेलीच होती. त्यानंतर शासनाने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे जाहीर केले. कार्यक्रम थांबले. काम थांबले काय? रस्ता झाडणारा, गटारातला गाळ काढणारा, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, इमारतीवर सळई बांधणारा, यांच्यासाठी त्या १२ ते ५ मध्ये काय लिहिले होते? (जाता जाता आपल्या मंडळांनाही सांगतो. जयंती एप्रिलमध्येच येते. डीजेच्या बिलातून पाण्याचे दोन टँकर निघतात.)

कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला वाईट याचे वाटते की, तत्त्व आपल्याकडे केव्हाच लिहून ठेवलेले आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १३ सांगत होते की, कारखान्याच्या भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे असावे की आतील तापमान होता होईल तेवढे कमी राहील. कलम १८ प्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय करणे भाग होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेने त्या कायद्याची जागा घेतली. पण कारखान्याच्या छपराचा विचार ज्या देशाने १९४८ साली केला, त्याने त्याच कामगाराच्या घराच्या छपराचा केला नाही. २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राने आपत्ती निवारणाच्या मदतीकरिता जी यादी धरली, तिच्यात थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. आम्हा वकिलांची सोय मात्र झालेली आहे. सर्वोच्च व उच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे.

२१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो, असे सांगितले. अनुच्छेद १४ येथे फार महत्त्वाचा. म्हणजे नुसते जगणे नव्हे, समानतेने जगणे. ऊन सर्वांवर सारखे पडते, पण छप्पर सारखे नसते.

मग प्रत्येक खोलीला ए.सी. द्यायचा काय? या यंत्राला मी चैन म्हणणार नाही. अमेरिकेत उष्ण दिवसांतील मृत्यू १९६० नंतर झपाट्याने घटले, त्यात घरोघरी आलेल्या वातानुकूलनाचा वाटा सर्वांत मोठा, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात, प्रसूतिगृहात तो हवाच. पण आपल्या देशात २०१८ साली शंभरातील जेमतेम आठ घरांत तो होता. कोळीवाड्यात ज्याने हप्त्यावर घेतला, त्याचा विजेचा वापर ३०० युनिटांच्या वर जातो, दर चढतो आणि मेअखेर यंत्रावर चादर पडते. शिवाय हे यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, बाहेर टाकते. टॉवरच्या शेकडो यंत्रांचा गरम फवारा खालच्या गल्लीत उतरतो. म्हणजे वरच्याची थंडी खालच्याच्या अंगावर. आणि सार्वजनिक सोय म्हणून केली तर तिचेही काय होते ते लोकलमध्ये पाहिले. ५ मे २०२२ ला ए.सी. लोकलचे किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० रुपये झाले, साध्या लोकलचे ५ रुपयेच होते. त्या ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी ए.सी. गाड्या आल्या म्हणून कळवा, बदलापूरचे प्रवासी रुळांवर उतरले. त्यांना गारवा नको होता असे नाही.

यंत्राच्या आधी इमारत येते. अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयात नवजात अर्भकांचा विभाग सर्वांत वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर होता. २०१० च्या उन्हाळ्यानंतर तो खाली हलवला, आणि उष्णतेने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. आपल्या मुंबईला तर हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. परळच्या ज्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले ती या ट्रस्टची. याच ट्रस्टने दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा योजना आखल्या. त्याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्यालाही उजेड-वारा मिळेल. ट्रस्ट काही गरिबांचा कैवारी नव्हता. बांधल्या त्याहून जास्त खोल्या त्याने पाडल्या. पण प्लेग माडीवरच्यालाही सोडत नव्हता, म्हणून वारा सर्वांचा झाला. आता गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये पुनर्वसनाच्या सात मजली इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर आहे. उकाडा प्लेगसारखा जिना चढून टॉवरमध्ये जात नाही, एवढाच फरक.

म्हणून कोळीवाड्यात पुनर्विकासाच्या सभेला जाल तेव्हा केवळ ३०० चौरस फुटांवर सही करू नका. दोन इमारतींत अंतर किती, खिडकी कोणत्या दिशेला, वरच्या मजल्याच्या गच्चीवर काय थर घालणार, संक्रमण शिबिरातील पत्र्याखाली काय, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला न्यायालयात किंमत नसते, हे रोज पाहतो.

आमच्या त्या अर्जावर साहेबांनी ‘पाहणी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारला आहे. पाहणीची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली मिळाली. तोवर पाऊस लागलेला असेल, आणि पाहणीला येणारे पत्रा गळतो काय तेवढेच पाहतील. पहिल्या खोलीतल्या आजींनी मला सांगून ठेवले आहे, “वकीलदादा, त्यांना दुपारी दोनला आणा, आणि बसवा अर्धा तास.”